बोटींमधला दोर

त्या दिवशी माझी धाकटी बहीण सुमा हिच्या पायातून चप्पल निसटली. तिने ती परत घातली. थोडं पुढे गेल्यावर ती पुन्हा निसटली. आम्ही दोघी नेहरू नगरात भाजी घेत होतो.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही ताई. सैल झालीय."

तिने नवी चप्पल घेतली. तीही निसटू लागली.

दुसऱ्या कुणाच्या बहिणीची चप्पल निसटली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मी ज्या खोलीत नोकरी केली तिथे चपलेला फार महत्त्व होतं. भोपाळमधल्या एका मोठ्या रुग्णालयात स्नायूंचे तुकडे तपासण्याची एक खोली होती आणि निवृत्त होईपर्यंत मी तिथली तंत्रज्ञ होते. आमच्या विभागाच्या डॉक्टरांना सगळे नुसतं मॅडम म्हणत. जबलपूरच्या, उंच, बोलताना चष्मा पुसत राहणाऱ्या. पाय लुळे पडत चाललेत म्हणून कुणी आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "चप्पल निकल जाती है?" आणि समोरच्याने मान हलवली की लगेच दुसरा, "निकलती है तो पता चलता है?" निसटलेली कळलीच नाही तर बहुधा नसांचं दुखणं, पायाला स्पर्शच उमगत नाही. कळतं, पण पाऊल वर उचलून धरता येत नाही, तर स्नायूंकडे बघायचं.

सुमाला कळत होतं.

माझं काम लोकांना समजावून सांगणं सोपं नाही. कॉलनीत कुणी विचारलं की मी "लॅबमध्ये असते" एवढंच सांगायची, मग ते त्यांच्या साखरेचे आकडे विचारायचे. आमच्या खोलीत साखर नव्हती, रक्त नव्हतं. शेंगदाण्याएवढा स्नायूचा तुकडा यायचा, पिळून काढलेल्या ओलसर गॉजमध्ये गुंडाळलेला. बुचाच्या चकतीवर मी डिंकाचा एक ठिपका द्यायची. हा डिंक म्हणजे गोंद कतिरा, भोपाळात उन्हाळ्यात सरबतात घालतात तोच. त्या ठिपक्यात तुकडा असा उभा करायचा की त्याचे सगळे तंतू वर तोंड करून राहतील, भांड्यात उभ्या केलेल्या शेवग्याच्या शेंगांसारखे. आडवे पडले तर सगळं वाया. मग द्रवरूप नायट्रोजनच्या वाफेत एका पेल्यातलं रसायन थंड करत बसायचं. त्याच्या तळाशी पांढरं साकळू लागलं की तो क्षण आला. बूच उलटं करून तुकडा आत. डोळ्याचं पातं लवायच्या आत तो गोठला पाहिजे.

एवढी घाई का, असं नवीन मुलं विचारायची. स्नायूत पाणी असतं. पाणी सावकाश गोठलं तर त्याच्या सुया होतात आणि त्या सुया आतलं सगळं टोचून ठेवतात. झटक्यात गोठलं तर त्याला सुया करायला वेळच मिळत नाही.

त्यानंतर थंडगार पेटीतल्या पात्यावर काप घ्यायचे. काप इतका पातळ की श्वासानेही उडेल. ब्रशच्या केसाने त्याला सरळ धरायचं आणि काचपट्टी जवळ न्यायची. पट्टी जराशी ऊबदार असते. ती जवळ आली की काप स्वतःच उडी मारून तिला चिकटतो. इतकी वर्षं काढली, पण त्या उडीची मला सवय झाली नाही. प्रत्येक वेळी वाटायचं, याला कुणीतरी हाक मारली.

रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली एक हिरवट निळा प्रदेश दिसतो. उंचावरून पाहिलेली शेतं असावीत तसा. एकेका तंतूचा एकेक वाफा, मध्ये बारीक बांध, काठाकाठाने केंद्रकांचे जांभळट ठिपके. निरोगी स्नायू पाहताना मी कितीतरी वेळ हरवून जायची. खिडकीबाहेर पार्किंगवाला शिट्ट्या वाजवत असायचा आणि मी त्या बांधांवरून चालत असायची.

आमच्याकडे माणसंही तऱ्हेतऱ्हेची येत. जुन्या शहरातला एक पहिलवान आला होता, खांदे दारात न मावणारे. पण जिना चढताना त्याला कठडा धरावा लागत होता. त्याने हट्टच धरला, आपला स्नायू आपण पाहणार. मॅडमनी स्टूल पुढे केलं. तो वाकून बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "बस? इतनी मेहनत की, और अंदर से ये ज़नाना कढ़ाई निकली?" कढ़ाई म्हणजे बायकांचं भरतकाम. मॅडम हसता हसता म्हणाल्या, "पहलवान, इसी कढ़ाई ने आपको इतनी कुश्तियाँ जितवाई हैं।" त्याने पुन्हा डोळा लावला. या वेळी जरा आदराने.

एक वृद्ध आई मुलीचा तपासलेला तुकडा परत मागायला आली होती. मुलगी तोवर गेली होती. आईचं म्हणणं एवढंच होतं की होशंगाबादला नर्मदेत बाकी सगळं सोडलं, हेवढंच राहून गेलं. तो तुकडा आम्हाला देता आला नाही, नियमांत बसत नव्हतं. ती भांडली नाही. जाताना तिने खोलीच्या दाराला हात लावून तो कपाळाला लावला. असं दृश्य मनातून काढता येत नाही.

आता सुमाकडे येते.

आमचे बाबा नगरहून बदली होऊन इथल्या कारखान्यात आले. आम्ही दोघी सोनागिरीजवळच्या वसाहतीत वाढलो. मी पुस्तकात तोंड खुपसून बसणारी, आणि सुमा ते पुस्तक ओढून घेऊन मोठ्याने वाचणारी. तिला आवाज होता, मला नव्हता. ती पुढे शाळेत शिकवू लागली. तिचं लग्न इंदूरच्या मराठी घरातल्या श्रीकांतरावांशी झालं. तेही त्याच कारखान्यात लागले. त्यांना एक मुलगी, मुक्ता.

बाबा आम्ही शिकत असतानाच गेले. शिफ्टच्या बसमध्ये बसले आणि कारखान्याच्या फाटकाशी बस थांबली तेव्हा उठले नाहीत. हृदय, असं सगळे म्हणाले. त्या काळी तेवढं पुरत असे.

मॅडमनी सुमाला तपासलं. टाचांवर चालायला सांगितलं, तिला जमेना. मग नेहमीचा प्रश्न, घरात आणखी कुणाला? सुमा म्हणाली, नाही. मीही नाहीच म्हणणार होते. पण मला एकदम आवाज ऐकू आला. संध्याकाळी बाबा जिना चढत तेव्हा त्यांचं पाऊल फरशीवर आपटत येई. थप, थप. त्या आवाजावरून आम्ही ओळखत असू की बाबा आले, पुस्तकं आवरा. पाऊल सावकाश खाली ठेवता येत नसलं की ते असंच आपटतं, हे मी पुढे नोकरीत शिकले. पण तो आवाज आणि ते ज्ञान माझ्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होते.

मी ते सांगितलं. मॅडमनी चष्मा पुसायचा थांबवला.

"और गए कैसे?"

"बस में. बैठे-बैठे."

"तब तो जल्दी करो," त्या म्हणाल्या. नंतर मला एकटीला त्यांनी समजावलं. पायाच्या स्नायूंचे काही आजार असे असतात की ते हृदयालाही धरतात; हृदयही शेवटी स्नायूच. सुमाचा साधा ईसीजी ठीक होता. पण हा त्यांतला आजार असला तर आजच्या चांगल्या ईसीजीला अर्थ नव्हता. तुकडा काढून पाहिल्याशिवाय काही म्हणता येणार नव्हतं, आणि वाट किती पाहायची हे कुणालाच माहीत नव्हतं.

त्या आठवड्यात आमच्या रुग्णालयातल्या शस्त्रक्रियेच्या खोलीचं काम निघालं होतं. म्हणून श्रीकांतरावांच्या ओळखीच्या एका सर्जनकडे, त्यांच्या छोट्या नर्सिंग होममध्ये, तुकडा काढायचं ठरलं. रंगपंचमीनंतरचा दिवस नक्की केला. पण सर्जनना गावाला जायचं होतं. त्यांनी रंगपंचमीच्या सकाळीच सुमाला बोलावून तुकडा काढला, गॉजमध्ये गुंडाळून बाटलीत घातला आणि श्रीकांतरावांच्या हातात देऊन सांगितलं, थंड ठेवा आणि उद्या लॅबला पोचवा. रंगपंचमीला आमची खोली बंद. माझी सुट्टी कशाला मोडायची म्हणून श्रीकांतरावांनी मला फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. कानामागे अजून हिरवा रंग. हातात स्टीलचा डबा, डब्याभोवती टॉवेल, टॉवेलभोवती प्लास्टिकची पिशवी.

"ताई, बघा! एकदम पत्थर. जरासुद्धा पिघळू दिलं नाही मी."

"श्रीकांतराव, कुठे ठेवलं होतं?"

"फ्रीजरमध्ये. सगळ्यात मागे, मटारच्या पिशवीशेजारी. डॉक्टर तर बोलले नुसतं थंड ठेवा, पण मी म्हटलं, गर्मीचे दिवस, रिस्क कशाला?"

आपल्याकडे मटारचा हंगाम संपता संपता घरोघरी दाणे सोलून फ्रीजरमध्ये भरून ठेवतात. श्रीकांतराव त्या कामातले वाकबगार. चुलत्यांच्या घरी इंदूरला वर्षभर त्यांचे मटार जात. ज्या काळजीने ते मटार ठेवत त्याहून जास्त काळजीने त्यांनी हा तुकडा ठेवला होता. घरच्या फ्रीजरमध्ये तो रात्रभर सावकाश गोठला होता. पाण्याला सुया करायला भरपूर वेळ मिळाला होता.

मी तरी काप घेतले. कधीकधी एखादा कोपरा बचावतो. सूक्ष्मदर्शकात पाहिलं तर वाफे नव्हतेच. चाळण होती. प्रत्येक तंतूत भोकं, भोकांत भोकं. आमच्या खोलीतले मदतनीस रफीकभाई मागून डोकावले आणि हळूच म्हणाले, "दीदी, ये तो जाली हो गया."

श्रीकांतराव बाहेर बाकावर बसले होते. त्यांना सांगितलं. डबा उघडून त्यांनी आत पाहिलं, जणू अजून काही शिल्लक असेल. मग म्हणाले, "ताई, तिला तुम्हीच सांगा. माझी हिंमत नाही."

सुमाला सांगितलं तेव्हा ती आधी खूप हसली. पायाला पट्टी, उशीला टेकलेली. "श्री, खरं सांग, त्यातले मटार आपण काल खाल्ले का?"

"अगं नाही गं. ती पिशवी वेगळी होती."

"वेगळी होती म्हणे. ताई, मी मटारउसळीत गेले असते आणि हा मुक्ताला म्हणाला असता, आज भाजी जमलीय." हसून झाल्यावर तिने चादर नीट केली आणि म्हणाली, "पुन्हा नाही हं करायचं. एकदा कापलं, पुरे झालं."

मला वाटलं, दुखतंय म्हणून म्हणते. दोन आठवड्यांनी विचारलं, तरी नाही. मॅडमनी फोन केला, तर तिने त्यांना हिंदीत, फार गोड शब्दांत, 'नाही' म्हटलं. श्रीकांतराव तिला काही बोलू शकत नव्हते. त्यांनी तोंड उघडलं की ती फक्त "मटार" एवढंच म्हणायची. घरात थट्टा चालली होती आणि मी झोपेत बाबांची बस बघत होते. ती फाटकाशी थांबायची. सगळे उतरायचे. सगळ्यांचे चेहरे नीट दिसायचे.

एका संध्याकाळी मी सुमाला मोठ्या तलावावर घेऊन गेले. तिथे नौकानयनाचा सराव चालतो. लांबट, निमुळत्या बोटी पाण्यावर होत्या, वल्ही एकदम वर आणि एकदम खाली. पलीकडचा काठ धूसर झाला होता आणि पाणी कुठे संपतं ते कळत नव्हतं. आम्ही पायऱ्यांवर बसलो. सुमाने चप्पल काढून शेजारी ठेवली.

"ताई, तू इतकी वर्षं काय बघतेस ते कधी नीट सांगितलंच नाहीस मला," ती म्हणाली.

तेव्हा मी तिला त्या बोटी दाखवून सांगितलं. स्नायूचा एक तंतू म्हणजे एवढा मोठा तलाव धर. त्यात अशा बोटींच्या रांगाच्या रांगा. एका प्रथिनाचे जाड दांडे असतात, त्यांना वल्ह्यांसारखे हात असतात. शेजारी दुसऱ्या प्रथिनाचे बारीक दोरे. हात दोऱ्यांना धरून ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात. त्या ओढण्याने स्नायू आखडतो. तू खडू उचललास की असं चालू होतं.

"आणि 'चला' कोण म्हणतं?"

बारीक दोऱ्यांवर एक पहारेकरी बसलेला असतो, मी म्हटलं. तो पकडायची जागा झाकून ठेवतो. आतून इशारा आला की तो जरा बाजूला सरतो आणि वल्ही चालू होतात. इशारा थांबला की परत जागा झाकतो. तो नसता तर आपण आखडलेलेच राहिलो असतो, मुठी सुटल्याच नसत्या. शिवाय जाड दांड्यांना बाहेरून आवळून धरणारं एक प्रथिन आहे, वल्ही फार उतावीळ होऊ नयेत हे तेच बघतं. आणि एक आहे लांबच लांब, स्प्रिंगसारखं, ते दांड्याला नेहमी मधोमध ठेवतं, आणि स्नायू ताणला गेला की त्याला परत जागेवर आणतं.

"सगळी नोकरमंडळी," सुमा म्हणाली. "राजा कोण?"

"राजा नाही."

"हे बरं आहे."

मग मी तिला ते सांगितलं ज्यासाठी तिला तिथे आणलं होतं. या बोटी एकेकट्या चालून भागत नाही. शेजारच्या बोटीने त्याच क्षणी वल्हं मारलं पाहिजे. म्हणून एक प्रथिन बोटीला बोट बांधत जातं, आडवं, या काठापासून त्या काठापर्यंत. त्याला डेस्मिन म्हणतात. तो वल्हं मारत नाही, त्याला जोर नाही, नुसता दोर. पण तो बिघडला तर दोराच्या गुठळ्या होतात, बोटी मागेपुढे होतात, एकमेकींवर आपटतात. पायात होतं तेव्हा चप्पल निसटते.

सुमा पाण्याकडे बघत होती. "आणि हृदयात होतं तेव्हा बसमधून उतरता येत नाही."

मी मान हलवली.

"बाबांचा दोर," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "कळलं तर तू तो दोर बांधू शकतेस?"

"नाही. कुणालाच येत नाही."

"मग कशाला कापायचं मला?"

"पाय वाचवता येणार नाहीत, सुमा. पण हृदय बंद पडत असेल तर त्याला चालू ठेवणारं यंत्र बसवता येतं. फक्त आधी कळलं पाहिजे की बघायचं कशाकडे."

"मला ते कळायला नकोय," ती म्हणाली. तेव्हा मला उमगलं की ती टाक्यांना घाबरत नव्हती. "कळलं की मी रोज ऐकत बसेन, आत काय चाललंय. आत्ता मी निदान वर्गात उभी राहून कविता शिकवते."

प्रशिक्षकाने लांबून शिट्टी मारली. बोटी काठाकडे वळल्या. पाण्यात त्यांच्या मागे लांब रेघा राहिल्या आणि हळूहळू पुसल्या. अंधारून आल्यावर मी उठले आणि तिला हात दिला. पायऱ्या चढताना तिचं पाऊल आपटलं. थप. तिनेही ते ऐकलं. ती थांबली. पुढची पायरी चढली, पुन्हा थप.

"ताई," ती म्हणाली, "हा आवाज मुक्ता ओळखते. काल म्हणाली, आई आली की मला अभ्यासाचं पुस्तक उघडायला वेळ मिळतो."

ती उरलेल्या पायऱ्या चढली. वर आल्यावर म्हणाली, "तिचा शेवटचा पेपर होऊ दे. मग काप."

या वेळी तुकडा आमच्याच रुग्णालयात काढला. मॅडम मला म्हणाल्या, "तुम मत काटो, मैं किसी और से करवा लूँगी." पण तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं आणि मलाही दुसऱ्याच्या हाती द्यायचं नव्हतं. श्रीकांतराव दाराबाहेर दोन्ही हात खिशात घालून उभे होते. रफीकभाईंनी त्यांना खुर्ची दिली तर म्हणाले, "नहीं भैया, मैं किसी चीज़ को हाथ नहीं लगाऊँगा."

गॉज उघडलं. डिंकाच्या ठिपक्यात तंतू उभे केले. पेल्याच्या तळाशी पांढरं साकळलं. बूच उलटं केलं. सगळं नेहमीसारखं झालं. हात नेहमीसारखे चालले. कामाची सवय दयाळू असते, ती माणसाला विचार करू देत नाही. पट्टी जवळ नेली तेव्हा काप उडी मारून आला. मी सुमाला इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

हिरवट निळे वाफे या वेळी शाबूत होते. पण कितीतरी वाफ्यांत गडद डाग होते, शेतात कुणी ढिगारे टाकून द्यावेत तसे. मग डेस्मिन दाखवणारा खास रंग दिला. त्याला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम आणि मी दोघींनी एकाच, दोन जणांना बघता येईल अशा सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. ढिगाऱ्यांच्या जागी तपकिरी गुठळ्या. दोर होता, पण तो बांधत नव्हता. गोळा होऊन पडला होता.

"बहुत सुंदर काटा है," मॅडम म्हणाल्या. आमच्या खोलीत ही सवय होती. आधी कामाला दाद, मग बातमी. त्यांनी लगेच हृदयविकार विभागाला फोन लावला.

सुमाच्या छातीवर एक यंत्र बांधून तिला घरी पाठवलं. त्याने दिवसरात्रीचे ठोके टिपले. दुपारी ती मुक्ताशेजारी डुलकी घेत असताना तिचं हृदय काही क्षण थांबलं होतं आणि मग आपणहून चालू झालं होतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तिला काही कळलं नव्हतं. त्याच आठवड्यात पेसमेकर बसवला.

घरी आल्यावर श्रीकांतरावांचा जीव भांड्यात पडला आणि जीभही सुटली. "ताई, आता आमची मंडळी बॅटरीवर चालते."

"चालते ना," सुमा म्हणाली. "चार्जर तुझ्या हाती नाही, हे देवाचे उपकार. तू तो फ्रीजरमध्ये ठेवला असतास."

त्यानंतर सुमा जवळजवळ एक तप जगली. पाय गेले, हे खरं. आधी बुटात पट्टे, मग काठी, मग खुर्ची. हातांची बोटं सैल पडली तेव्हा ती खडू सोडून घरी मुलं शिकवू लागली. हातात पुस्तक धरता येईना तेव्हा मी रविवारी बाग सेवनियातल्या माझ्या घरून जायची आणि तिला वाचून दाखवायची. माझ्या सपाट आवाजाला ती हसायची. "ताई, तू वाचतेस की सामानाची यादी सांगतेस?" मग श्रीकांतराव पुस्तक समोर धरायचे आणि ती स्वतः वाचायची, आम्ही दोघं ऐकायचो. तिचा आवाज शेवटपर्यंत तिचाच राहिला, फक्त वाक्यं छोटी होत गेली. शेवटी श्वासाचे स्नायू थकले. मागच्या हिवाळ्यात ती गेली. हृदय शेवटपर्यंत चालत होतं. दहनाच्या आधी ते यंत्र काढावं लागतं; श्रीकांतरावांनी ते काढू दिलं आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही.

मला कधीकधी वाटतं, पहिला तुकडा मटारशेजारी न जाता वेळेवर आला असता तर काय बदललं असतं. थोडी वर्षं? तलावावरची ती संध्याकाळ तरी झाली नसती. श्रीकांतराव तो हिशोब अजून मनात करत असतात. मी त्यांना सांगते की त्या दोन महिन्यांत काही बिघडलं नाही. ते ऐकून घेतात. पण तेव्हापासून त्यांच्या फ्रीजरमध्ये मटार नसतात.

आमची खोली आता नाही. रक्ताच्या नळीवरून आता जनुकं वाचता येतात आणि ते बरंच आहे. कुणाच्या पायाला चीर द्यावी लागत नाही. ती थंड पेटी झाकून ठेवली होती, पुढे कुठे नेली कळलं नाही. मॅडम मुलाकडे परदेशी गेल्या. मी सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात पडून असते. झोपेच्या काठावर कधीतरी ते हिरवट निळे वाफे दिसतात आणि त्यांच्या बांधांवरून सुमा चालत असते, पाऊल न आपटता. मी तिला हाक मारत नाही. हाक मारली की जाग येते.

डेस्मिनचा हा दोष आईवडिलांपैकी एकाकडून येऊ शकतो आणि प्रत्येक मुलाला येईलच असं नाही. सुमाचं कळल्यावर मीही तपासून घेतलं. माझ्यात तो नाही. एकाच घरातल्या, एकाच बाबांच्या आम्ही दोघी. सुमाला सांगितलं तेव्हा ती मनापासून म्हणाली, "बरं झालं."

मुक्ताचं सुमाने तपासू दिलं नव्हतं. "मी असेपर्यंत नको," असं ती आम्हा सगळ्यांना म्हणाली होती आणि मुक्ताने ते पाळलं. आता मुक्ता पुण्यात नोकरी करते. आई गेल्यावर उन्हाळ्यात तिने स्वतःहून तपासणीसाठी रक्त दिलं. निकाल आला त्या दिवशी तिने मला फोन केला, वडिलांना नाही. "मावशी, बाबांना तू सांग," ती म्हणाली. मी सांगितलं. ते म्हणाले, "ती कुठे आहे आत्ता? जेवली का?"

मुक्ताला तो दोष आहे. तिचे पाय ठीक आहेत. ती ठरलेल्या वेळी हृदय तपासून घेते, आणि अजून त्याचे ठोके वेळेवर पडतात.